पायथॉनमध्ये इंडेक्सिंग म्हणजे काय? मोजणी शून्यापासून का सुरू होते?

पायथॉन शिकायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न पडतो: यादीतल्या पहिल्या वस्तूचा नंबर ० कसा काय? या लेखात आपण इंडेक्सिंग नीट समजून घेऊ, तेही आमच्या वाशिम जिल्ह्याची यादी घेऊन. लॅपटॉप नसला तरी चालेल, फोनमध्ये पायड्रॉइड ३ सारखं ॲप असलं की पुरे.

सीक्वेन्स आणि इंडेक्स

ज्या डेटाचा क्रम ठरलेला असतो तो सीक्वेन्स. लिस्ट, टपल आणि स्ट्रिंग हे नेहमी लागणारे सीक्वेन्स. त्यातल्या एका वस्तूची जागा सांगणारा आकडा म्हणजे इंडेक्स. तो चौकोनी कंसात लिहितात.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात सहा तालुके आहेत:

तालुके = ['वाशिम', 'रिसोड', 'मालेगाव', 'मंगरूळपीर', 'कारंजा', 'मानोरा']

तालुके[०] → 'वाशिम'
तालुके[५] → 'मानोरा'
तालुके[६] → इंडेक्सएरर

वस्तू ६, पण शेवटचा इंडेक्स ५. म्हणून ६ मागितला की एरर येतो.

(पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत चालतं, पण कोडमधले आकडे इंग्रजीच टाइप करा. बाणापुढे उत्तर आहे, ते टाइप करायचं नाही.)

शून्यच का?

एसटीचं भाडं टप्प्यांवर ठरतं आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो. तुम्ही जिथे चढलात तिथे पार केलेले टप्पे किती? शून्य. तीन टप्पे झाले की तुम्ही ३ × ६ = १८ किलोमीटर पुढे.

इंडेक्सचंही तसंच आहे. तो "कितवा" हे सांगत नाही, "सुरुवातीपासून किती पुढे" हे सांगतो. लिस्टसाठी मेमरीत ओळीने सारख्या आकाराचे कप्पे असतात. हवा तो कप्पा शोधायला कॉम्प्युटर सुरुवातीच्या पत्त्यात इंडेक्स × कप्प्याचा आकार मिळवतो. पहिला कप्पा सुरुवातीलाच असतो, म्हणून त्याचा इंडेक्स ०.

सी, जावा, जावास्क्रिप्ट यांतही शून्यच. लुआ आणि आर या भाषा मात्र १ पासून मोजतात.

उलट मोजणी आणि स्लाइसिंग

तालुके[-१] → 'मानोरा'
तालुके[१:४] → ['रिसोड', 'मालेगाव', 'मंगरूळपीर']

उणे आकडा शेवटाकडून मोजतो. स्लाइसमध्ये सुरुवातीचा इंडेक्स धरतात, शेवटचा सोडतात. याचा फायदा असा की ४ − १ = ३, म्हणजे किती वस्तू मिळणार ते लगेच कळतं. शिवाय तालुके[:३] आणि तालुके[३:] जोडले की पूर्ण यादी परत मिळते, काही सुटत नाही आणि काही दोनदा येत नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाने १९८२ च्या एका टिपणात शून्यापासून मोजण्याच्या बाजूने असाच युक्तिवाद केला होता.

मराठी शब्दांवर इंडेक्सिंग: इथे सांभाळा

बहुतेक ट्यूटोरियलमध्ये हे सांगत नाहीत, पण आपल्याला हेच सगळ्यात जास्त लागतं.

नाव = 'वाशिम'
नाव[०] → 'व'
नाव[:३] → 'वाश'

आपण वाचतो तीन अक्षरं: वा, शि, म. पायथॉन मोजतो पाच: व, काना, श, पहिली वेलांटी, म. युनिकोडमध्ये मात्रा आणि वेलांट्या वेगळ्या साठवल्या जातात. पहिली वेलांटी दिसते श च्या आधी, पण साठवली जाते श च्या नंतर. म्हणून तीनवर कापलं की ती गळून पडते. जोडाक्षराचं आणखी अवघड: 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त आणि ञ असे तीन कोड. 'ज्ञानेश्वर'चा इंडेक्स ० घेतला तर नुसता 'ज' मिळतो.

हा नुसता गमतीचा भाग नाही. ओळखपत्रावर जागा कमी आहे म्हणून कोणी नाव इंडेक्सने कापलं, तर कार्डवर त्या माणसाचं नाव चुकीचं छापलं जाईल. इंग्रजी नावांवर टेस्ट केली तर ही चूक दिसतच नाही. म्हणून मी मराठी मजकूर कापणारा कोड लिहितो तेव्हा टेस्टमध्ये 'क्षितिज', 'ज्ञानेश्वर' अशी नावं मुद्दाम टाकतो.

उपाय काय? डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण अक्षराला ग्रॅफीम क्लस्टर म्हणतात. पायथॉनसाठी 'रेजेक्स' नावाची वेगळी लायब्ररी मिळते, ती मजकुराचे असे तुकडे करून देते. त्या तुकड्यांची लिस्ट करा आणि मग इंडेक्स लावा. जोडाक्षरांच्या बाबतीत आवृत्तीनुसार फरक पडू शकतो, तेवढं तपासून घ्या.

आता स्वतःचं नाव मराठीत टाइप करा, इंडेक्स ० पासून एकेक बाहेर काढा आणि किती तुकडे निघतात ते मोजा.