‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ : पुस्तकातलं पडद्यावर काय आलं, काय राहिलं?

जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवर पीटर जॅक्सन यांनी केलेले तीन सिनेमे २००१, २००२ आणि २००३ च्या डिसेंबरमध्ये आले. पुस्तकप्रेमींमध्ये तेव्हा सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. सिनेमा पुस्तकाला धरून आहे की नाही? हा प्रश्न फक्त गाळलेल्या प्रसंगांचा नाही. पुस्तकाच्या शेवटी जी गोष्ट मनाला लागते, ती सिनेमात जवळजवळ नाहीच. (पुढे कथेचा शेवट सांगितलेला आहे.)

कथा थोडक्यात

शायर या हिरव्यागार मुलखात हॉबिट नावाचे बुटके, खाण्यापिण्यात रमणारे लोक राहतात. त्यांच्यातल्या फ्रोडोकडे एक अंगठी येते. सगळ्या जगावर ताबा मिळवण्यासाठी सॉरॉन या दुष्ट सत्ताधीशाने ती घडवलेली असते. ज्या ज्वालामुखीत ती घडली, तिथेच ती टाकली तर नष्ट होणार. हे काम घेऊन फ्रोडो निघतो. त्याचा माळी सॅम शेवटपर्यंत त्याची साथ सोडत नाही.

कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने उपलब्ध आहे.

सिनेमा कसा झाला?

राल्फ बक्षी यांनी १९७८ मध्ये या कादंबरीवर अ‍ॅनिमेशनपट केला होता, पण त्यात साधारण अर्धीच कथा आली. जॅक्सन यांनी तिन्ही भागांचं मुख्य चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात एकदमच उरकलं. यात मोठी जोखीम होती. पहिला भाग पडला असता, तर उरलेल्या दोन भागांचा खर्चही अंगावर आला असता.

हॉबिट बुटके दिसावेत म्हणून नटांना कॅमेऱ्यापासून कमी-जास्त अंतरावर उभं करणं, काही ठिकाणी लहान चणीचे बदली कलाकार घेणं, अशा जुन्या युक्त्याही वापरल्या. गॉलम हे पात्र मात्र अँडी सर्किस यांच्या अभिनयावरून संगणकावर उभं केलं. तिसऱ्या भागाला ११ नामांकनं होती आणि अकराही ऑस्कर मिळाले.

महत्त्वाचे बदल

- टॉम बॉम्बाडिल : अंगठीचा ज्याच्यावर काहीच परिणाम होत नाही, असा हा गाणारा रानवासी सिनेमात नाहीच.
- काळ : पुस्तकात अंगठी मिळाल्यापासून फ्रोडो निघेपर्यंत १७ वर्षं जातात. सिनेमात हा काळ अगदी थोडा वाटतो.
- आर्वेन : जखमी फ्रोडोला वाचवायला पुस्तकात ग्लॉर्फिन्डेल येतो, सिनेमात आर्वेन येते.
- फारामिर : पुस्तकातला फारामिर अंगठीचा मोह टाळतो. सिनेमातला आधी मोहात पडतो, मग सावरतो. अनेक वाचकांना हा बदल सगळ्यात जास्त खटकला.

घरी परतल्यावर

यापेक्षा मोठा फरक शेवटी आहे. पुस्तकात अंगठी नष्ट होते, चार हॉबिट घरी येतात आणि बघतात तर शायर ओळखू येत नाही. सारुमानच्या माणसांनी गाव ताब्यात घेतलेलं असतं. झाडं तोडलेली, घरं पाडलेली, जागोजागी नियमांचे फलक आणि गावकरी घाबरलेले. जग वाचवून आलेल्यांना आता स्वतःच्या गावासाठी लढावं लागतं. नंतर सॅम गावभर फिरून पुन्हा झाडं लावतो.

टोल्किन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते. १९१८ पर्यंत त्यांचे जवळचे मित्र, एक सोडून सगळे, गेले होते. ते लहान असतानाच, दहा वर्षांचे होण्याआधी, ते राहत होते तो ग्रामीण परिसर उद्ध्वस्त होऊ लागला होता. या प्रकरणामागे तो अनुभव असल्याचं त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलं आहे. लढाई जिंकली तरी सोडून गेलेलं घर तसंच मिळेल याची खात्री नसते, हे पुस्तक इथे सांगतं.

सिनेमात या विनाशाची फक्त एक झलक फ्रोडोला गॅलाड्रिएलच्या आरशात दिसते. शेवटी शायर जसंच्या तसं असतं. तीन तासांहून लांब गेलेल्या सिनेमात खलनायकाचा पाडाव झाल्यावर नवी लढाई सुरू करणं अवघडच होतं. त्याऐवजी जॅक्सन यांनी एक साधा प्रसंग ठेवला. चौघं गावच्या गुत्त्यात बसलेत, आजूबाजूला नेहमीची गडबड चाललीय आणि हे कुठून आले याचं कुणालाच काही नाही. पुस्तकात गाव बदललेलं असतं. सिनेमात गाव तेच राहतं, परतलेली माणसं बदललेली असतात. फ्रोडोची जखम दोन्हीकडे भरत नाही आणि शेवटी तो जहाजाने कायमचा निघून जातो.

टोल्किन यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी २०१२ मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राशी बोलताना या सिनेमांवर कडक टीका केली होती. पुस्तकाचा मारधाडपट करून टाकला, असा त्यांचा आक्षेप होता. दुसरीकडे, सिनेमा पाहूनच पुस्तकाकडे वळलेले वाचकही पुष्कळ आहेत.

आधी काय?

चित्रगृहात आलेले तिन्ही भाग मिळून सव्वानऊ तासांचे आहेत, वाढीव आवृत्ती अकरा तासांच्या वर जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना चित्रगृहातली आवृत्ती पुरेशी आहे. सिनेमा आधी पाहिला असेल, तर पुस्तकाची शेवटची प्रकरणं चुकवू नयेत. अंगठी नष्ट झाल्यानंतरही तिथे बरंच काही घडायचं बाकी असतं.