दहशतवादाशी गाठ आणि शिपायाची तालीम

पोलिसांच्या शिक्षणाविषयी बोलण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला, असा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. पोलीस आणि आम्ही समोरासमोर आलो ते बहुधा गेटसभेच्या वेळी. ते काठी घेऊन, आम्ही झेंडा घेऊन. शाळाही आमची अर्धवट सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, कारण आमच्या मते तो बंदुकीचा कमी आणि कामाचा अधिक आहे. शिपाई हाही पगारावर राबणारा माणूस आहे. त्याच्या हाती हत्यार कोणते, ते चालवण्याचा सराव किती आणि सरावाला सवड कोण देतो, हे प्रश्न कारखान्यातल्या कामगाराचेच आहेत.

आरंभ जर्मनीपासून करू, कारण या बाबतीतला मोठा धडा जगाने तेथे घेतला. १९७२ साली म्यूनिक शहरी ऑलिम्पिक सामने भरले होते. ५ सप्टेंबरच्या पहाटे आठ सशस्त्र पॅलेस्टिनी क्रीडाग्रामात शिरले. त्यांनी दोन इस्रायली इसमांना ठार केले आणि नऊ जणांना ओलीस धरले. देशांतर्गत बंदोबस्तासाठी लष्कर वापरण्यास जर्मन राज्यघटनेची आडकाठी होती. तेव्हा काम बव्हेरियाच्या पोलिसांवर आले. रात्री विमानतळावर हल्लेखोरांना टिपण्यासाठी जे नेमबाज ठेवले होते ते होते पाच, आणि हल्लेखोर निघाले आठ. या नेमबाजांना अशा कामाचे खास शिक्षण नव्हते. त्यांच्या बंदुकांना दुर्बीण नव्हती आणि एकमेकांशी बोलण्यास बिनतारी यंत्रही नव्हते. विमानात नोकरांच्या वेशात पोलीस बसवले होते. ऐन वेळी त्यांनी आपसात मते घेतली आणि कामगिरी सोडून ते खाली उतरले. त्या रात्री नऊही ओलीस मारले गेले. एक जर्मन पोलीसही पडला.

मते घेऊन उतरलेल्या त्या पोलिसांना पुष्कळांनी भ्याड म्हटले. आम्हाला तसे म्हणवत नाही. जे काम कधी शिकवले नाही, ज्याचा सराव कधी दिला नाही, ते काम एका रात्रीत माणसाच्या गळ्यात मारायचे आणि तो कचरला की त्याला नावे ठेवायची, ही रीत आम्ही कारखान्यांतून फार पाहिली आहे. दोष असला तर तो शिकवणी न देता कामाला जुंपणाऱ्यांचा.

जर्मन सरकारने मात्र धडा लवकर घेतला. त्याच महिन्यात सरहद्द पोलिसांमध्ये एक विशेष तुकडी उभारण्याचे ठरले. तिचे नाव जीएसजी ९. उल्रिच वेगेनर या अधिकाऱ्याकडे तिची जबाबदारी आली. माणसे घेतली ती स्वखुशीने पुढे आलेली, आणि तीही कसून पारखून. पुढची पाच वर्षे त्यांनी सराव केला. १८ ऑक्टोबर १९७७ रोजी सोमालियातील मोगादिशू येथे अपहृत लुफ्तान्सा विमानात ते शिरले आणि काही मिनिटांत विमानातील ८६ जणांना त्यांनी जिवंत सोडवले. विमानाच्या कप्तानाला अपहरणकर्त्यांनी त्याआधीच ठार केले होते, त्याला मात्र कोणी वाचवू शकले नाही. लोकांना दिसली ती काही मिनिटे. त्यांच्यामागची पाच वर्षे कोणी पाहिली नाहीत. आमच्या विषयाचे सार इथेच आहे. तालीम एकदा देऊन संपत नाही. ती रोज चालू ठेवावी लागते, आणि चालू ठेवणे हे कारभाराचे काम आहे.

आता घराकडे वळू. आपल्या देशातही १९८४ साली राष्ट्रीय सुरक्षा दल उभे राहिले. हरियाणात मानेसर येथे त्यांचे ठाणे. दल नामांकित, पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा हल्लेखोर समुद्रमार्गे मुंबईत उतरले तेव्हा ते दल शेकडो कोस दूर होते. त्याचे जवान दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागले. त्या आधीची सारी रात्र पडली ती पोलीस ठाण्यांतल्या साध्या शिपायांच्या आणि अधिकाऱ्यांच्या अंगावर. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर समोर एके-४७ चालत होत्या आणि आपल्या माणसांपैकी काहींच्या हाती इंग्रजी अमदानीतल्या घडणीच्या ३०३ रायफली होत्या, काहींच्या हाती नुसती काठी. २९ तारखेच्या सकाळपर्यंत चाललेल्या या हल्ल्यात १६६ माणसे गेली. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे अधिकारी कामा इस्पितळाजवळच्या गल्लीत पडले.

गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे उभे होते. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचा हा माणूस. मोटारीतून उतरणाऱ्या हल्लेखोराच्या बंदुकीची नळी त्यांनी हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. त्यामुळे कसाब जिवंत सापडला आणि पुढचा खटला उभा राहिला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्या नावाने आमची मान लवते. पण मान लववून झाल्यावर एक प्रश्न उरतोच: माणसाने बंदुकीची नळी छातीशी धरावी, एवढाच मार्ग आपण त्याला का ठेवला होता?

त्या हल्ल्याच्या चौकशीसाठी राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली गेली. पोलिसांच्या शीघ्र प्रतिसाद पथकांविषयी समितीला जे आढळले ते वाचून आम्ही थबकलो. पथके होती, त्यांच्यासाठी माणसेही निवडलेली होती. पण काडतुसांच्या टंचाईमुळे वर्षाहून अधिक काळ त्यांचा गोळीबाराचा सराव झालेला नव्हता. पथक होते, पण त्याची धार गेली होती.

याच जातीचा एक प्रसंग आमच्या डोळ्यांदेखत घडला आहे. एका कारखान्यात संगणकावर चालणारे नवे लेथ आले. तिघा टर्नरांना ते शिकायला दोन महिने बाहेरगावी पाठवले. परत आले तेव्हा माल रवाना करण्याची घाई होती, म्हणून तिघांनाही पॅकिंगला लावले. वर्षभराने लेथवर उभे राहण्याची वेळ आली. हात अडखळले आणि एकाचे बोट गेले. चौकशीत मालकाने कागद पुढे केला: शिक्षण दिलेले आहे. कागद खोटा नव्हता. आणि आम्ही युनियनवालेही त्यात निर्दोष नव्हतो. आमच्या मागणीपत्रात महागाई भत्ता होता, बोनस होता. सरावाच्या तासांचे एकही कलम नव्हते.

२००८ नंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, हे मान्य केले पाहिजे. २००९ साली राष्ट्रीय सुरक्षा दलाची केंद्रे मुंबईसह चार महानगरांत निघाली. त्याच वर्षी महाराष्ट्राने फोर्स वन हे स्वतःचे दल उभारले. पोलिसांतूनच स्वखुशीने अर्ज मागवले, सुमारे तीन हजार आले, त्यांतून २१६ जण निवडले. स्फोटकांच्या शिक्षणासाठी पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे साहाय्य घेतले गेले. परंतु दल उभारणे सोपे, जोपासणे कठीण. आज मंत्र्याचा दौरा, उद्या मिरवणूक, परवा निवडणूक. प्रत्येक वेळी तयार माणूस बंदोबस्ताला ओढण्याचा मोह होतो. चाळिशीला आलेल्याला दुसरे मानाचे काम द्यावे लागते, त्याच्या जागी नवा तयार करावा लागतो आणि शिकवणाऱ्यालाही शिकत राहावे लागते. शिवाय पहिला तास नेहमी ठाण्यातल्या साध्या शिपायाचाच असतो. त्याला निदान आडोसा घेणे, खबर नीट देणे, लोकांना बाहेर काढणे एवढे शिकवले नाही, तर विशेष दल येईपर्यंत त्याच्यापाशी उरते ते केवळ धैर्य.

मग काडतुसे संपली, सराव थांबला, हे ओरडून कोणी सांगायचे? गिरणी कामगाराला युनियन आहे. शिपायाला १९६६ च्या कायद्याने ती वाट बहुतांशी बंद केली. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना निघाली होती. ऑगस्ट १९८२ मध्ये तिची मान्यता गेली, मुंबईत शिपायांनी काम बंद केले आणि लष्कर बोलवावे लागले. पोलिसांनी संप करावा असे आम्ही म्हणत नाही. पण तक्रारीचे दार बंद केले की दुखणे बरे होत नाही, ते फक्त दिसेनासे होते. २०१६ साली देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा आम्हाला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. त्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, त्या गोष्टीला सव्वाशे वर्षे लोटली होती. शिपायाची पाळी इतक्या उशिरा आली.

आमचे काही सोबती विचारतात, शिपायाच्या हाती इतकी विद्या दिली तर ती उद्या आपल्याच मोर्चावर चालणार नाही कशावरून? ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबारात पडलेल्यांच्या हुतात्मा चौकात आम्ही दरवर्षी उभे राहतो. म्हणूनच सांगतो, नेम धरण्याबरोबर नेम आवरण्याचेही शिक्षण त्या तालमीत असले पाहिजे, आणि विशेष दलाने मोर्चाच्या बंदोबस्ताला कधीही येऊ नये, अशी रेघ कायद्याने ओढली पाहिजे. घाबरलेला, न शिकलेला माणूस बंदूक धरून उभा असणे हे हल्लेखोरापेक्षा गर्दीलाच अधिक धोक्याचे.

आमची मागणी लहान आहे. दरवर्षी विधानसभेपुढे एक साधा आकडा यावा: प्रत्येक शिपायाला गेल्या वर्षी सरावाचे तास किती मिळाले आणि काडतुसे किती. यात गुपित काही नाही. पथक कोठे आहे आणि काय करणार आहे हे कोणी विचारत नाही. हा आकडा नागरिकांनी मागावा, कारण शिपायाला तो मागण्याची सोय नाही. दर नोव्हेंबरात आपण मेणबत्त्या लावतो, त्या जरूर लावाव्यात. पण त्याच दिवशी हा प्रश्नही विचारावा, म्हणजे पुढच्या एखाद्या ओंबळ्यांना नुसत्या हातांनी नळी धरण्याची पाळी येणार नाही.