स्वस्त कोटाची किंमत

व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत लंडनमधील पुरुषाची प्रतिष्ठा त्याच्या कोटावरून ठरत असे. दिवसा गुडघ्यापर्यंत घोळ असलेला फ्रॉक-कोट आणि रात्रीच्या समारंभास पुढें आंखूड व मागें दोन शेपट्या असलेला टेल-कोट, असा रिवाज होता. हें लेणें केवळ धनिकांचें राहिलें नाहीं. पेढीवरील कारकुनालाहि नीटस कोटावांचून चारचौघांत उभें राहणें कठीण झालें. परंतु तुटपुंज्या पगारांत असा कोट यावयाचा कोठून?

ती सोय तयार कपड्यांच्या दुकानांनीं केली. पूर्वीं शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकाचें माप कागदाच्या पट्टीवर खुणा करून घेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंचांची फीत प्रचारांत आली. छातीच्या मापावरून इतर मापें काढण्याचीं कोष्टकें निघालीं, आणि एका बेताचे अनेक कोट आगाऊ कापून ठेवणें शक्य झालें. तथापि शिवण हातचीच होती. सिंगरचें शिवणयंत्र १८५१ सालचें. स्वस्त कोट त्यापूर्वींच बाजारांत आले होते. मग ही स्वस्ताई कशाची?

तिचें उत्तर हेन्री मेह्यू यानें १८४९ सालीं ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ पत्रांत दिलें. नामांकित दुकानांतील कारागीर मालकाच्या जागेंत बसून तासास सहा पेन्स मिळवी. १८३४ चा शिंप्यांचा संप फसल्यानंतर काम घरोघर नगावर देण्याची चाल बोकाळली. मध्यस्थ दुकानांतून कापलेले कपडे उचली, आपल्या कोंदट खोलींत गरजू शिंपी बसवी आणि जेवणखाण व राहण्याचे पैसे त्यांच्या मजुरींतून कापून घेई. मेह्यूच्या हिशेबानें लंडनमधील सुमारें वीस हजार कारागिरांपैकीं चांगल्या दुकानांत तीनएक हजारच उरले होते.

पुढील वर्षीं चार्ल्स किंग्जले या धर्मोपदेशकानें टोपण नांवानें एक पत्रक काढून गिऱ्हाइकांना हलवून जागें केलें. शिवावयास आणलेले कोट तापानें फणफणलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण म्हणून पडतात आणि तेच पुढें सभ्य गृहस्थांच्या घरीं जातात, हें त्यानें दाखविलें. त्याच १८५० सालीं त्याच्या मित्रमंडळींनीं शिंप्यांची सहकारी संस्था उघडली. पण एका संस्थेनें सारा बाजार पालटणें शक्य नव्हतें.

यंत्र आलें तरी दुःख सरलें नाहीं. काम झपाट्यानें होऊं लागलें, तसा नगाचा दरहि उतरला. १८८८ मध्यें लॉर्डांच्या सभेला या पिळवणुकीची चौकशी करण्यासाठीं समिति नेमावी लागली. अखेर १९०९ च्या कायद्यानें किमान मजुरी ठरविण्यासाठीं मंडळें नेमलीं. पहिल्या चार धंद्यांत तयार कपड्यांची शिलाई होती.

कारकुनाच्या अंगावर कोट आला यांत वाईट कांहींच नव्हतें. परंतु गिऱ्हाइकानें वांचविलेले पैसे कोणीतरी भरीत होता. आणि मेह्यूच्या लेखांपासून त्या कायद्यापर्यंत साठ वर्षें शिंपीच ते पोटाला चिमटा घेऊन भरीत राहिला.