सोनतळीची शाळा

पालकाने शांत राहावे, असे सगळेच सांगतात. तो शांतपणा कुठून आणायचा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आपल्याला नेमके काय जमते हे ज्याने ओळखले, त्याच्याकडे तो आपोआप येतो, असे मला वाटते. कोल्हापूरच्या इतिहासात याचा ठसठशीत दाखला आहे. 12 जून 1918 रोजी राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीतल्या अपघातात गेले. मागे उरल्या अकरा वर्षांच्या सूनबाई इंदुमतीदेवी. पोरीला वाड्यात कोंडून सोवळ्यात वाढवायचे, ही रूढीची वाट समोर तयार होती. महाराजांनी ती सोडली. शहराबाहेर सोनतळीला त्यांनी सुनेच्या शिक्षणाची सोय केली. शिक्षक नेमले, सोबतीला मुली दिल्या आणि अभ्यासाच्या जोडीने तिला घोड्यावर बसायलाही शिकवले.

हा दुःखाच्या भरातला लहरी निर्णय नव्हता. लांबून आलेल्या पोराला निवारा, पोटभर जेवण आणि अभ्यासाची शिस्त एकत्र मिळाली की ते उभे राहते, हे महाराज सतरा वर्षे पाहत होते. 1901 मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी, 1906 मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी, अशी बोर्डिंगे कोल्हापुरात उभी राहत गेली होती. स्वतः महाराजांचे आईवडील लहानपणीच गेले होते. पोरक्या लेकराला काय हवे असते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. माणसे जमवून मुलांची सोय लावणे ही त्यांची जमेची बाजू होती आणि घरावर आघात झाला तेव्हा त्यांनी तीच वापरली. सोनतळी म्हणजे एका मुलीसाठी काढलेले बोर्डिंगच होते.

यावर कोणी म्हणेल, राजाला काय अवघड? पैसा आणि हुकूम दोन्ही हातात. पण पैसा इतर संस्थानिकांकडेही होता. विधवा सुनेला शिकवायला निघालेले त्यांत किती होते? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. याच राजाने 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मग पालकावर विश्वास कुठे राहिला? माझ्या मते दंडाचा रोख पालकाच्या हतबलतेवर होता. मला शिकवता येत नाही म्हणून पोरगेही शिकणार नाही, हा समज महाराजांना मोडायचा होता. बापाने शिकवावे अशी अपेक्षाच नव्हती. त्याने पोराला शाळेच्या दारापर्यंत आणावे, एवढेच मागणे होते.

कोल्हापूरच्या तालमींत हेच शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. शेतकरी बापाला डाव शिकवता येत नाहीत. ते काम वस्तादाचे. बाप पहाटे म्हशीची धार काढतो, दुधाची किटली तालमीत पोचवतो आणि हौद्याच्या कडेला गप्प उभा राहून पोराचा घाम पाहतो. त्या गप्प राहण्यात कमीपणा नसतो. आपला वाटा आपण चोख दिला आहे, हे त्याला ठाऊक असते.

सोनतळीत अशाच योग्य हातांत सोपवलेल्या इंदुमतीदेवींनी पुढे कोल्हापुरातल्या मुलींच्या शिक्षणासाठीच आयुष्य वेचले. म्हणून पालकांना एवढेच सांगणे: मुलावर आवाज चढू लागला की आधी स्वतःला विचारा, माझ्याकडे याला देण्यासारखे काय आहे? तेवढे मनापासून द्या. उरलेल्यासाठी योग्य माणसाच्या हाती पोर सोपवा.