दुभंगलेला कणा : ठिगळ, गोळी आणि नोंद

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील एखाद्या दूरच्या गावी जन्मलेल्या अर्भकाच्या पाठीवर पाण्याने भरलेली पातळ पिशवी दिसली, तर तिच्यावर शस्त्रक्रिया कोठे व्हावी हा प्रश्न पुढचा आहे. ती कोणाच्या दृष्टीस पडली आणि कोठे लिहिली गेली, हा प्रश्न त्याच्या आधीचा होय. या व्यंगाच्या उपचाराचा इतिहासही असाच मागे मागे सरकत गेलेला दिसतो.

व्यंगाचे 'स्पायना बिफिडा' हे नाव ॲम्स्टरडॅमचे वैद्य निकोलास टुल्प यांच्या १६५२ च्या ग्रंथात आढळते. 'बिफिडा' या लॅटिन पदाचे दोन्ही अवयव आपल्या ओळखीचे आहेत : 'बि' हा संस्कृत 'द्वि'चा सगोत्र, तर पुढील अंशामागचा धातू 'भिद्'चा. नाव रूप सांगते, कारण सांगत नाही. गर्भाच्या पाठीवरील पेशींचा सपाट पट्टा वळून त्याची नळी होते आणि गर्भधारणेपासून सुमारे २८ व्या दिवसापर्यंत ती मिटते. खालच्या भागी ती उघडी राहिली म्हणजे मज्जारज्जू कण्याबाहेर उघडा पडतो. परिणामी पाय लुळे पडतात, मलमूत्रावर ताबा राहत नाही, आणि पुष्कळदा डोक्यात पाणी साचते.

ही फट जन्मानंतर शिवावयाची, असाच दीर्घकाळ प्रघात होता. १९९५ मध्ये मार्टिन म्यूली व त्यांचे सहकारी यांनी मेंढीच्या गर्भावर केलेल्या प्रयोगांवरून असे दिसले की, उघडा रज्जू गर्भाशयातच दिवसेंदिवस झिजतो आणि तो वेळीच झाकला तर कोकराच्या पायांतील शक्ती बऱ्याच अंशी टिकते. पुढे अमेरिकेतील तीन केंद्रांत मानवी गर्भावरील शस्त्रक्रियेची तुलनात्मक परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. डोक्यातील पाण्यासाठी पहिल्या वर्षात नळी बसवावी लागलेल्या मुलांचे प्रमाण जन्मोत्तर शस्त्रक्रियेच्या गटात ८२ टक्के, तर गर्भावस्थेतील शस्त्रक्रियेच्या गटात ४० टक्के होते. मातेला मात्र अकाली प्रसूतीचा व गर्भाशयावरील व्रणाचा धोका पत्करावा लागला.

इतक्या लहान गर्भाची त्वचा फट झाकण्यास अनेकदा पुरत नाही. म्हणून ठिगळाची गरज. हे ठिगळ रज्जूस चिकटता कामा नये, कारण चिकटलेला रज्जू मूल वाढू लागताच ताणला जातो. गर्भजल आत झिरपू न देता त्याने त्वचा वर येईतो टिकावे आणि मग नाहीसे व्हावे. पॉलिलॅक्टिक आम्ल व पॉलिकॅप्रोलॅक्टोन या बहुवारिकांची मिश्रणे याच हेतूने प्रयोगशाळेत व प्राण्यांवर तपासली गेली आहेत. पाण्याच्या योगाने यांच्या साखळ्या हळूहळू तुटतात. पहिल्याचे जे लॅक्टिक आम्ल उरते, ते आपले स्नायूही निर्माण करीत असतात. विरघळणाऱ्या टाक्यांचे तत्त्व हेच. अडचण आहे ती वेळेची : लवकर विरघळले तर गळती, उशिरा विरघळले तर चिकटणे.

ठिगळाच्याही मागचा धागा मुंबईत सापडतो. १९२८ मध्ये लूसी विल्स मुंबईस आल्या आणि गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील ते द्रव्य पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढणाऱ्यांनी 'फोलियम' म्हणजे पान यावरून हे नाव दिले. त्याचा कण्याशी संबंध निर्णायकपणे ठरण्यास मात्र १९९१ साल उजाडावे लागले. असे एक अपत्य आधी झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक आम्ल दिले असता व्यंगाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी झाली.

येथे 'पूर्वीपासून' हा शब्द महत्त्वाचा. भारतात गरोदर स्त्रियांना लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या १९७० पासूनच्या कार्यक्रमात मिळत आल्या. पण गरोदरपणाची नोंद होऊन गोळी हाती येते, तोवर तो २८ वा दिवस बहुधा उलटलेला असतो. पांडुरोगासाठी ती वेळेवर आहे, कण्यासाठी नाही.

चंद्रपूरपासून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात केलेला प्रयोग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तेथील ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन नवजाताची तपासणी व शुश्रूषा करीत. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ वरून २५.५ वर आले. हे यश मुख्यतः जंतुदोषादी कारणांवरील उपचाराचे होते. दुभंगलेला कणा अशा शुश्रूषेने सांधत नाही. परंतु बालक जन्मल्याबरोबर कोणीतरी ते पाहते व लिहून ठेवते, ही व्यवस्था त्यातून उभी राहिली. २०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या व्याधिसूचीत मज्जानलिकेच्या व्यंगास पहिले स्थान आहे. ठिगळ त्या मुलापर्यंत पोहोचो वा न पोहोचो, पहिल्याच दिवशी दगावलेल्या अशा अर्भकाचेही व्यंग वहीत नोंदले गेले, तर त्याच्या मातेस पुढील गर्भधारणेपूर्वी ४ मिलिग्रॅमची गोळी देता येते. आणि ते नोंदले गेले नाही, तर तिला ती द्यावयाची आहे हे आरोग्यकेंद्राला कळण्यास दुसरा मार्ग उरत नाही.