धूम्रपान, मद्यपान व वृद्धांचे फुप्फुसारोग्य

विडी, सिगारेट, चिलीम यांचा धूर आणि मद्य यांमुळे उतारवयात फुप्फुसांवर होणारे परिणाम, यावल परिसराच्या संदर्भासह. वयोमानाने फुप्फुसांची राखीव क्षमता घटलेलीच असते. धूर ती आणखी वेगाने घटवतो, तर मद्य जंतूंपासून होणारा बचाव दुबळा करते.

वयोमान : फुप्फुसांची क्षमता २० ते २५ या वयात सर्वाधिक असते. त्यानंतर जोराने सोडलेल्या श्वासात पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा निरोगी माणसातही दरवर्षी सुमारे २० ते ३० मिलिलिटरने कमी होत जाते. छातीचा पिंजरा ताठरतो, वायुकोशांची लवचीकता जाते, खोकल्याचा जोर ओसरतो. बसल्या जागी हे जाणवत नाही. चढ लागला किंवा न्यूमोनिया झाला की जाणवते.

धूर : श्वासनलिकांच्या अस्तरावरील पक्ष्माभिका (केसांसारखे सूक्ष्म तंतू) कफ घशाकडे ढकलतात. धुराने त्या निकामी होतात, कफ साचतो, नलिका सुजून अरुंद होतात आणि वायुकोशांच्या भिंती फाटून वातस्फीती होते. यातून जडणाऱ्या दीर्घकालीन श्वासरोधी विकाराला (सीओपीडी) बोलीत सरसकट ‘दमा’ म्हटले जाते. मात्र दम्यातील अडथळा बराचसा ओसरतो, यातील कायम राहतो. फुप्फुसाचा कर्करोग व क्षय यांचा धोकाही धूम्रपानाने वाढतो.

यावल परिसर : जळगाव जिल्ह्यातील यावल तालुका तापीकाठच्या केळीच्या बागांपासून सातपुड्याच्या जंगलापर्यंत पसरला आहे. विडीसाठी लागणारे टेंभुर्णीचे पान आणि दारूसाठी वापरली जाणारी मोहाची फुले ही दोन्ही सातपुड्यातील वनोपजे होत. विडीत तंबाखू थोडा असला तरी ती सौम्य नसते. पानातून हवा खेळत नाही आणि झुरके थांबताच विडी विझते; त्यामुळे ती वारंवार व जोराने ओढावी लागते आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले. एकूण प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, बाकीचा भर खाण्याच्या तंबाखूवर होता. तरीही धुराचा प्रश्न विडीपुरता नाही. लाकूड व गोवऱ्यांच्या चुलीपुढे हयात घालवलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या वृद्ध स्त्रियांनाही हाच श्वासरोधी विकार (सीओपीडी) जडतो.

मद्य : मद्याचा घाव वेगळ्या वाटेने होतो. नशेत गिळण्याची व खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. तोंडातील स्राव किंवा उलटी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. दीर्घकाळच्या अतिमद्यपानाने वायुकोशांतील भक्षक पेशी जंतूंचा नीट नाश करीत नाहीत, शिवाय कुपोषणाची भर पडते. त्यामुळे क्षयाचा धोका वाढतो. क्षयाच्या औषधांसोबत दारू चालू राहिल्यास यकृताला इजा होण्याची भीती असते. झोपेच्या गोळ्यांसोबत ती घेतल्यास श्वसन मंदावते. दोन्ही व्यसने असलेल्या वृद्धात कफ बाहेर पडत नाही आणि त्यात वाढणाऱ्या जंतूंना पुरेसा प्रतिकारही होत नाही.

निदान व उपाय : चालताना धाप लागणे, दोन आठवड्यांहून अधिक खोकला, थुंकीत रक्त किंवा वजन घटणे ही लक्षणे ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नयेत. श्वसनमापन, छातीचा एक्स-रे व थुंकीची तपासणी यांनी निदान होते. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. फाटलेले वायुकोश पुन्हा घडत नाहीत, पण विडी सुटल्यावर खोकला कमी होतो आणि क्षमता घटण्याचा वेग मंदावतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० वर्षांच्या पाहणीत साठीत सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुर्मान, ती न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे ३ वर्षांनी अधिक आढळले. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू मात्र वैद्यकीय देखरेखीखाली सोडावी. ती एकदम तोडल्यास कंप, आकडी व भ्रम उद्भवू शकतात. फ्लू व न्यूमोकॉकस यांवरील लसींचा वृद्धांना लाभ होतो.