लांब नळीचा धूर

तंबाखूच्या धुरात पाण्याचा अंश असतोच. पान कितीही सुकविले तरी जळताना त्यातून वाफ निघते. आणि ती वाफ ज्या नळीतून ओठांपर्यंत यावयाची ती नळी जितकी लांब तितका धूर निवतो खरा, परंतु धुराबरोबर वाफही निवून नळीच्या अंगाला थेंबाथेंबाने लागते, सखल जागी साचते आणि पुढल्या झुरक्याला खळखळू लागते. हॉलंडातील गौडा शहरच्या आणि इंग्लंडातील कारागिरांनी पांढऱ्या मातीच्या हातहात लांब नळ्या घडविल्या त्या या थंड धुराच्या लोभाने, आणि त्याच लोभापायी ओढणाराच्या जिभेवर अधूनमधून कडू थेंब येऊन पडे. सच्छिद्र मातीने काही ओल शोषावी, पिसाने नळी पुसावी, आणि फारच मळली म्हणजे लोखंडी पाळण्यात घालून ती पुन्हा भट्टीत लाल करावी, असे उपाय तिकडे चालत. आपल्याकडे याच अडचणीचा परिहार निराळ्या रीतीने झाला. आणि तो कोणाच्या घरी कसा झाला हे वर्ध्यासारख्या कापसाच्या मुलुखात शोधू गेल्यास तंबाखूपेक्षा सवड आणि चाकरी यांचाच इतिहास अधिक हाती लागतो.

पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरलेले हे पान दक्षिणेत आधी रुजले आणि उत्तरेस मागाहून गेले. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापुरास गेला असता त्याने ते तेथे प्रथम पाहिले, आणि परतताना बादशहाच्या नजराण्यासाठी तंबाखूबरोबर ती ओढण्याचा रत्नजडित सरंजामही करवून नेला. त्यातील नळी आचीनहून आलेली, तीन हात लांब, वाळवून रंगविलेली, दोन्ही टोकांस जडाव आणि मीनाकाम केलेली होती. ओठांशी धरावयाच्या टोकाला येमेनी अकीक बसविला होता. हकिमांनी हरकत घेतली तरी अकबराने दोनचार झुरके घेतले, आणि उमरावांना तेवढे पुरेसे झाले. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूच्या मनाईचे फर्मान काढले, त्याचा अंमल कागदापलीकडे फारसा गेला नाही. पाण्यातून धूर नेण्याची, म्हणजे हुक्क्याची, युक्ती हकीम अबुल फतह गीलानी याची, असे परंपरा सांगते. परंतु हा हकीम १५८९ मध्येच निवर्तला आणि अकबरापुढे तंबाखू आली ती त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, तेव्हा त्या आख्यायिकेला फार वजन देता येत नाही.

युक्ती कोणाचीही असो, ती चतुर होती हे निर्विवाद. जे पाणी नळीत नको असते त्यालाच एका भांड्यात मानाने बसवून, सगळा धूर त्याच्या पोटातून काढावयाचा, म्हणजे खळखळ व्हावयाची ती भांड्यात होते आणि दोष समजला जाणारा तो आवाजच सुखाचा भाग होऊन बसतो. तथापि हे सुख आपोआप मिळत नसे. चिलमीखालची उभी नळी, म्हणजे नैचा, पाण्यात बोट-दोन बोटे बुडेल इतकेच पाणी ठेवावे लागे. अधिक झाले तर झुरक्यासरशी ते सटकेत चढे, उणे पडले तर धूर कोरडा आणि उष्ण येऊन घसा धरी. सटक म्हणजे सर्पासारखी लवचिक नळी. तारेच्या वेटोळ्यावर भूर्जपत्र आणि त्यावर कापड अथवा रेशीम गुंडाळून ती तयार होई, आणि हे काम करणारे नैचाबंद नावाचे स्वतंत्र कारागीर असत. एवढ्या लांब आणि वळणावळणाच्या नळीत ओल राहणारच. म्हणून हुक्का राखणाऱ्या चाकराने, म्हणजे हुक्केबरदाराने, रोज शिळे पाणी टाकून भांडे विसळावे, नैचा धुवावा, सटक झटकून उभी टांगावी, गुळात मळलेला गुडाखू चिलमीत बेताने भरावा आणि निखारे चिमट्याने फुलवीत राहावे. कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांनाही हा मनुष्य इतका अपरिहार्य झाला होता, की १७७९ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या घरच्या संगीताच्या बैठकीचे निमंत्रण आले ते हुक्केबरदाराखेरीज अन्य चाकर सोबत न आणण्याच्या विनंतीसह. पाण्यातून गाळल्याने धुराचे विष उतरते ही त्या काळची समजूत मात्र निराधार होती. पाणी धुराला थंड करते, निर्दोष करीत नाही.

आता वर्ध्याकडे वळू. देवगावच्या १८०३ च्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रांत नागपूरकर भोसल्यांकडून सुटून निजामाकडे गेला, आणि ही नदी दोन दौलतींची सीमा ठरली. पलीकडच्या दौलतीतच बिदर होते, जेथे जस्त आणि तांब्याच्या काळ्या मिश्रधातूत रुप्याच्या तारा ठोकून बसविलेली हुक्क्याची भांडी घडत. अलीकडे भोसल्यांचा अंमल, त्यांचे कमाविसदार, त्यांचे पाटील. १८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा होण्याची वेळ आली आणि मुलूख इंग्रजांकडे गेला. १८६२ मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला, त्याची कचेरी प्रथम पुलगावजवळ कवठ्यास होती आणि १८६६ मध्ये ती पालकवाडीच्या जागी वसविलेल्या नव्या वर्धा शहरात आली. याच दशकातल्या बंदोबस्ताने गावोगावच्या पाटलांना जमिनीचे मालक, म्हणजे मालगुजार करून टाकले; आणि अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव कडाडले तेही याच सुमारास, त्यामुळे हिंगणघाटच्या कापसाचे नाव परमुलखातही ऐकू येऊ लागले. पैसा, मालकी आणि बैठक अशी तिहेरी अनुकूलता वाड्याच्या ओसरीवर एकत्र आली, की तेथे लोडाशेजारी गुडगुडीही, म्हणजे हुक्काही, येणारच. वाड्यातली गुडगुडी ही वस्तू नव्हे, ती व्यवस्था होती: ओढणारा एक, आणि ती चालती ठेवणारे हात दुसऱ्याचे.

ज्याला चाकर नाही, त्याने नळीच आखूड केली. कुंभाराकडून आणलेली वीतभर चिलीम, तंबाखू घसरू नये म्हणून आत एक खडा, आणि खालच्या तोंडाला गुंडाळलेली ओल्या फडक्याची छापी, एवढ्यात त्याचा सरंजाम संपे. या छापीकडे जरा लक्ष देण्यासारखे आहे. कारण हुक्क्याच्या भांड्यातले पाणी जे करी तेच ती चिंधी करी. धूर तिच्यातून येताना थोडा निवतो, राख आणि काट तिला लागते, आणि तोंड न लावता मुठीच्या पोकळीतून झुरका घेता येतो. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या साईसच्चरितात धूपखेड्याच्या चांद पाटलाची कथा आहे, तीत साईबाबा चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढतात आणि सटका, म्हणजे हातातला सोटा, आपटून पाणी काढतात. ते पाणी पिण्यासाठी नाही, छापी भिजविण्यासाठी. चमत्काराच्या कथेतही छापी कोरडी चालत नाही, यावरून त्या काळी ही गोष्ट किती रोजची होती हे कळते. वऱ्हाडात शेगावच्या गजानन महाराजांच्या चिलमीला जानकीराम सोनाराने विस्तव नाकारल्याची कथाही घरोघर ठाऊक आहे. विस्तव मागणे आणि देणे हा शेजारधर्म असल्याखेरीज त्या नकाराला कथेत एवढे महत्त्व आले नसते.

शेजारधर्म म्हटले तरी त्याला जातीची मर्यादा होती. चिलीम वर्तुळात फिरे ती आपल्या लोकांत. जातीबाहेर टाकलेल्याचे हुक्कापाणी बंद होई, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाने आपली चिलीम आपल्याजवळच ठेवावी अशी अपेक्षा असे. तोंडाचा स्पर्श टाळणारी छापी जातीने मानलेला विटाळ मात्र पुसू शकली नाही.

पुढे धूम्रपानाचा हा सगळा थाट मोडला तो विडीने. १८६७ मध्ये वर्ध्यावरून रेल्वे नागपुरास पोचली, बाजार जवळ आले, काडीपेटी खिशात आली, आणि भंडारा-गोंदियाच्या बाजूला टेंभुर्णीच्या पानांच्या विड्या वळण्याचा मोठा धंदा उभा राहिला. विडीला नळी नाही, म्हणून नळीतली ओल नाही; चाकर नाही, निखारा नाही, छापी नाही. कापसाच्या गाड्या घेऊन बाजारात रात्र काढणाऱ्या गाडीवानाला, गिरणीत घंटेच्या बोलीने राबणाऱ्या मजुराला दुसरे काय परवडणार? तंबाखूविरुद्धचा उपदेशही याच मुलुखात पोचला: गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावला (वऱ्हाडातले शेगाव ते वेगळे), राहावयास आले. लहानपणी काकांची सिगारेटची थोटके चोरून ओढल्याची हकीकत त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिली आहे, आणि पुढे ‘आरोग्याची किल्ली’ या पुस्तकात तंबाखूवर कडक प्रकरणही लिहिले. वर्ध्याच्या मगनवाडीत घाणी, हातकागद, मधमाशा अशा ग्रामोद्योगांना आश्रय मिळाला, तंबाखूला अर्थातच नाही. परंतु गुडगुडीचे उच्चाटन या उपदेशाने झाले असे म्हणणे विडीवर अन्याय करणारे होईल. ओसरीवरच्या बैठकी विरळ होत गेल्या, चाकर गिरण्यांकडे आणि जिनांकडे वळले, आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारीच रद्द झाली.

बिदरची काळी भांडी आज संग्रहालयांत रांगेने मांडलेली दिसतात, रुप्याच्या तारा अजून चमकतात. त्यांच्याबरोबरची सटक मात्र क्वचितच आढळते. भूर्जपत्र आणि रेशीम ही ओल फार काळ सोसणारी द्रव्ये नव्हेत, आणि रोज झटकून टांगणारा हात गेल्यावर तिचा नाश व्हावयाला कोणा शत्रूची गरज नव्हती.